द्राक्षवाण आणि वाइन : दख्खनच्या इतिहासातील अपरिचित तथ्ये व रूढ गैरसमज
(विशेष संदर्भ : घनसावंगी व जालना परिसर)

प्रस्तावना

घनसावंगी तालुका गोदावरीच्या उत्तर तीरावर, पैठणच्या पूर्वेस वसलेला आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे या भागात ऊस आणि मोसंबी ही पिके रुजली. द्राक्ष हे येथील प्रमुख पीक नाही. तथापि, त्याच जिल्ह्यातील कडवंची हे गाव द्राक्षांसाठी राज्यभर ओळखले जाऊ लागल्यापासून द्राक्षाची चर्चा आसपासच्या तालुक्यांतही होऊ लागली. या चर्चेत काही विधाने वारंवार ऐकू येतात. द्राक्ष हे पीक मराठवाड्यात अलीकडेच आले, थॉम्पसन हा अमेरिकन वाण आहे, बी नसलेली द्राक्षे औषधे फवारून तयार करतात, काळ्या द्राक्षांचा रस काळा असतो, न खपलेल्या द्राक्षांची वाइन करता येते आणि वाइन ही युरोपीयांनी आणलेली वस्तू आहे, ही त्यांपैकी काही होत.

यातील बहुतेक विधाने इतिहासाच्या व वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाहीत. द्राक्षबाग एकदा लावली की ती बारा-पंधरा वर्षे सांभाळावी लागते. त्यामुळे वाणाविषयीचा गैरसमज हा केवळ माहितीचा दोष राहत नाही. तो शेतकऱ्याच्या कर्जाचा आणि पाण्याचा प्रश्न होतो. या दृष्टीने सदर विषयाची ऐतिहासिक मांडणी करणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे

१. दख्खनमधील द्राक्ष व द्राक्षमद्य यांच्या इतिहासाचा आढावा घेणे.
२. द्राक्षवाणांची नावे व त्यांचे प्रत्यक्ष मूळ यांतील विसंगती स्पष्ट करणे.
३. वाइन व द्राक्षवाण यांविषयीच्या रूढ समजुतींची चिकित्सा करून जालना परिसराच्या संदर्भात त्यांचे महत्त्व विशद करणे.

प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. मधु, सुरा आणि दारू : शब्दांचा इतिहास

वाइन युरोपीयांबरोबर भारतात आली, हा समज सर्वाधिक रूढ आहे. प्राचीन वाङ्मय मात्र वेगळेच सांगते. पाणिनीच्या अष्टाध्यायीत कापिशी या नगरीवरून 'कापिशायन' हा शब्द साधण्याचा नियम आला आहे. ही कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेकडील आजचे बेग्राम होय. तेथील द्राक्षे व त्यांपासूनचे मद्य या दोहोंना ते नाव लाभले होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मद्याचे प्रकार सांगितले आहेत. त्यात द्राक्षाच्या रसापासूनच्या मद्याला 'मधु' अशी संज्ञा असून प्रदेशावरून त्याचे कापिशायन व हारहूरक असे दोन भेद केलेले आढळतात. 'मधु' म्हणजे केवळ मध असे गृहीत धरून वाचणाऱ्याचा येथे हमखास घोटाळा होतो. धान्यापासूनची सुरा आणि द्राक्षापासूनचे मधु या दोन भिन्न वस्तू आहेत, याची जाणीव त्या काळी प्रशासनालाही होती. मद्याला प्रदेशाचे नाव देण्याची जी प्रथा आज फ्रान्सची म्हणून ओळखली जाते, तिचे एक जुने उदाहरण येथे मिळते.

याउलट, आज सर्व मद्यांना सरसकट लावला जाणारा 'दारू' हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ औषध असा आहे. मराठीत तो मद्यासाठी रूढ झाला आणि 'दारूगोळा' या शब्दात स्फोटक चूर्णासाठीही स्थिरावला. आयुर्वेदातील द्राक्षासव हे धायटीच्या फुलांच्या साहाय्याने आंबवले जाते व त्यात मद्यार्क आपोआप निर्माण होतो. म्हणजे औषध आणि मद्य यांतील सीमारेषा आपल्या परंपरेत आज वाटते तेवढी ठळक नव्हती.

'बेदाणा' हा शब्दही लक्षणीय आहे. फारसीत 'बे-दाना' म्हणजे ज्यात बी नाही असे. बी नसलेल्या द्राक्षांची ओळख मराठी भाषेला थॉम्पसनच्या कितीतरी आधी झाली होती, याची साक्ष हा एकच शब्द देतो.

२. सातवाहनकालीन व्यापार आणि मद्यकुंभांचा पुनर्विचार

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत मद्याचा उल्लेख येतो. इटलीच्या मद्याला तेथे विशेष मागणी होती. त्याखेरीज लाओडिसियाचे व अरबस्तानचे मद्यही येत असे. याच ग्रंथात दख्खनमधील पैठण व तेर या दोन बाजारपेठा सांगितल्या असून पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे नमूद आहे. घनसावंगीचा परिसर पैठणच्या याच गोदाखोऱ्यात येतो.

नेवासे येथील उत्खननात व पश्चिम भारतातील अन्य स्थळी उंच, निमुळत्या परदेशी कुंभांचे तुकडे मिळाले. दीर्घकाळ असे सर्व तुकडे 'रोमन मद्यकुंभ' म्हणूनच नोंदले गेले. २००० नंतरच्या दशकात रोबर्टा टॉम्बर यांनी अशा खापरांची नव्याने तपासणी केली. तेव्हा रोमन समजलेले अनेक तुकडे प्रत्यक्षात मेसोपोटेमियातील, आतून डांबराचा लेप दिलेल्या कुंभांचे असल्याचे दिसून आले. रोमशी व्यापार होता, हे त्यामुळे खोटे ठरत नाही. परंतु इराणी आखाताकडून येणाऱ्या मालाचा वाटा पूर्वीच्या अंदाजापेक्षा मोठा होता आणि तो नंतरच्या शतकांतही चालू राहिला, हे स्पष्ट होते.

अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ मधील चित्रांविषयीही असाच एक समज रूढ झाला. तेथील छतावर परदेशी वेषातील पुरुष हाती पेला घेऊन बसलेला दाखवला आहे. १८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी तो इराणचा सम्राट दुसरा खुसरो असल्याचे प्रतिपादन केले व त्याच लेण्यातील दरबाराच्या चित्राचा संबंध चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्याशी जोडला. खुसरोचा काळ इ. स. ५९० ते ६२८ हा होय. हे लेणे मात्र वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकातील असल्याचे आता सामान्यतः मानले जाते. त्यामुळे हे समीकरण टिकत नाही. पेल्यात द्राक्षमद्यच होते, असेही चित्रावरून सिद्ध होत नाही. एवढे मात्र खरे, की पश्चिम आशियातील मद्यपानाचा प्रसंग अजिंठ्याच्या चित्रकाराला व त्याच्या आश्रयदात्याला परका वाटत नव्हता.

३. दौलताबादची द्राक्षे आणि दोन छाटण्या

वरील पुरावा आयात मद्याचा आहे. द्राक्षाच्या प्रत्यक्ष लागवडीचा महत्त्वाचा उल्लेख चौदाव्या शतकात मिळतो. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ नंतर दिल्लीहून दक्षिणेकडे जाताना दौलताबादेस आला होता. तेथे द्राक्षे व डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा फळ मिळते, असे त्याने नमूद केले आहे. मराठवाड्यात द्राक्ष हे अलीकडचे पीक आहे, या समजुतीला या एकाच नोंदीने छेद जातो.

वर्षातून दोनदा फळ, ही प्रवाशाची अतिशयोक्ती वाटण्याचा संभव आहे. परंतु वनस्पतिशास्त्र त्याच्या बाजूने उभे राहते. युरोपात हिवाळ्यात वेलीची पाने झडतात, ती सुप्तावस्थेत जाते, वर्षातून एकदाच छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास द्राक्षे काढली जातात. दख्खनच्या हवेत वेलीला ही झोप मिळत नाही. छाटली की ती पुन्हा फुटते. म्हणूनच महाराष्ट्रात एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या करतात. पहिलीने काडी तयार होते, दुसरीने घड येतो. पावसाळ्यात येणारे फळ रोगाला बळी पडते, म्हणून शेतकरी ते टाळतो आणि साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात एकच बहर घेतो. वाइनसाठीची तोडणीही याच काळात होते. युरोपातील बागा थंडीत निद्रिस्त असतात, तेव्हा नाशिकच्या वाइनरीत रस आंबत असतो.

४. नाव आणि वंश : वाणांची दिशाभूल करणारी ओळख

द्राक्षवाणांच्या नावांवरून त्यांचे मूळ ठरवणे हा सर्वांत फसवा मार्ग आहे. पुढील उदाहरणांवरून ही बाब स्पष्ट होईल.

थॉम्पसन सीडलेस हे नाव विल्यम थॉम्पसन या कॅलिफोर्नियातील बागायतदाराचे आहे. १८७२ मध्ये त्याने न्यूयॉर्क राज्यातील एका रोपवाटिकेतून या वाणाच्या काड्या मागवल्या व त्याचा प्रसार केला. वाण त्याने निर्माण केला नव्हता. तुर्कस्तानात सुल्ताना व इराणकडे किशमिश या नावांनी तो फार पूर्वीपासून परिचित होता. म्हणजे ज्या वाणाचे सुकवलेले फळ इराणी व्यापाऱ्याकडून बेदाणा म्हणून येत होते, तोच वाण कॅलिफोर्नियाची वाट धरून इंग्रजी नावाने महाराष्ट्रात आला.

शिराझ या वाणाची कथा याच्या नेमकी उलट आहे. इराणातील शिराझ शहराशी त्याचे नाते जोडणारी आख्यायिका प्रसिद्ध आहे. बहमनी काळापासून इराणशी संबंध असलेल्या दख्खनमधील वाचकाला ती सहज पटते. १९९८ च्या सुमारास झालेल्या जनुकीय तपासणीत मात्र या वाणाचे जनक ड्युरेझा व माँड्यूज ब्लांश हे आग्नेय फ्रान्समधील दोन वाण असल्याचे सिद्ध झाले. तात्पर्य, इंग्रजी नावाचा थॉम्पसन पश्चिम आशियाचा आणि फारसी नावाचा शिराझ फ्रान्सचा आहे.

नाशिकच्या वाइनमध्ये वापरला जाणारा झिनफँडेल हा कॅलिफोर्नियाचा अस्सल वाण समजला जाई. २००१ मध्ये त्याचे मूळ क्रोएशियाच्या किनाऱ्यावर सापडले. बंगळूर ब्ल्यू या नावावरून तो कर्नाटकाचा देशी वाण वाटतो. वस्तुतः तो इझाबेला हा अमेरिकन वाण असून त्यात युरोपीय द्राक्षाहून वेगळ्या, लाब्रुस्का या प्रजातीचा अंश आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने अनाबेशाही हा वाण विशेष महत्त्वाचा आहे. अरबीत 'इनब' म्हणजे द्राक्ष. तेव्हा अनाबेशाही म्हणजे राजद्राक्ष. १८९० च्या सुमारास अब्दुल बाकर खान यांनी तो हैदराबादेत आणला. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. या प्रदेशातील फळबागांचा इतिहास नाशिक किंवा सांगलीच्या इतिहासाची शाखा म्हणून लिहिण्याऐवजी हैदराबादच्या संदर्भात तपासणे म्हणूनच उचित ठरते.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी या वाणांत स्वतःची भर घातली आहे, ही बाब सर्वाधिक दुर्लक्षित राहिली. तास-ए-गणेश हा थॉम्पसनमधून निवडलेला वाण सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातील वसंतराव आर्वे यांचा; 'तास' हे अक्षर तासगावचे आणि 'ए' हे आर्वे यांचे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी थॉम्पसनच्याच वंशातील सोनाका आणि किशमिश चोर्नी या काळ्या वाणातून शरद सीडलेस हे वाण पुढे आणले. वेलीवरील एखादी वेगळी फांदी ओळखणे, तिच्या काड्या राखणे आणि वर्षानुवर्षे निरीक्षण करणे, ही कामे प्रयोगशाळेत नव्हे तर बांधावर झाली. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ मुळे शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणीचा अधिकार मिळाला; त्यापूर्वीच्या निवडकर्त्यांची नावे मात्र बहुधा वाणाच्या नावातच शिल्लक आहेत.

वेलीच्या मुळांचे मूळही वेगळेच असते. १८६० नंतर फिलॉक्सेरा या मुळावरील किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा अमेरिकन खुंटावर युरोपीय वाणाचे कलम करणे हाच उपाय ठरला. महाराष्ट्रात १९९० नंतर डॉगरीज या खुंटाचा प्रसार झाला; त्याचे कारण कीड हे नव्हते. पाण्याचा ताण व जमिनीतील क्षार सोसण्याची त्याची शक्ती येथे उपयोगी पडली. हा खुंट मूळचा अमेरिकेतील टेक्सासचा.

५. बी, रंग आणि गोडी

बी नसलेली द्राक्षे रसायनांनी तयार होतात, हा समज चुकीचा आहे. थॉम्पसनच्या मण्यात फलनानंतर बी धरते; परंतु तिची वाढ लवकरच थांबते व तिचा मऊ अवशेष राहतो. हे निसर्गतः घडलेल्या जनुकीय बदलाचे फळ आहे. वाढणाऱ्या बीपासून मण्याला जिबरेलिन हे वाढद्रव्य मिळते. बीच खुंटल्याने ते कमी पडते व मणी लहान राहतो. म्हणून शेतकरी जिबरेलिक आम्लाची फवारणी करतो. ही फवारणी मणी मोठा करते. बी घालवण्याचे काम निसर्गाने आधीच केलेले असते.

काळ्या द्राक्षांचा रस काळा असतो, हाही असाच समज. काही अपवाद वगळता रंग सालीत असतो आणि रस जवळजवळ रंगहीन निघतो. साल रसाबरोबर आंबवली तर लाल वाइन होते. साल लगेच वेगळी केली तर काळ्या द्राक्षापासूनही पांढरी वाइन मिळते. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात ही पद्धत रूढ आहे. रंगावरून वंश ठरवणेही चुकीचे होय. कॅबरने सोव्हिन्याँ या प्रसिद्ध काळ्या वाणाचे जनक कॅबरने फ्राँ व पांढरा सोव्हिन्याँ ब्लाँ असल्याचे १९९७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवून दिले.

द्राक्षे जितकी गोड तितकी वाइन गोड, असेही मानले जाते. प्रत्यक्षात आंबवताना किण्व साखर खाऊन मद्यार्क तयार करतो. साखर पूर्ण संपली तर गोड द्राक्षाची वाइन कोरडी लागते. सुमारे २२ ब्रिक्स साखरेच्या रसातून साधारण १२ टक्के मद्यार्काची वाइन होते. जुनी वाइन चांगली, ही म्हणही थोड्याच वाइनना लागू पडते. बहुतेक वाइन काही वर्षांतच प्यावी अशा बेताने तयार केलेली असते.

वाइन प्रकृतीला हितकारक असते, या समजुतीचा विचार गांभीर्याने व्हायला हवा. द्राक्षाच्या सालीतील काही द्रव्यांचा दाखला देऊन ती पसरवली गेली. मद्ययुक्त पेयांची गणना कर्करोगास निश्चित कारण ठरणाऱ्या घटकांत १९८८ पासून झालेली आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. वाइन ऊर्ध्वपातन न करता केवळ आंबवून तयार होते, हा तिचा व ब्रँडीचा तांत्रिक भेद खरा आहे. पण त्यावरून ती मद्य नाही असा निष्कर्ष निघत नाही.

६. खाण्याची द्राक्षे आणि वाइनची द्राक्षे

न विकल्या गेलेल्या खाण्याच्या द्राक्षांची वाइन करावी, ही सूचना प्रत्येक मंदीच्या वर्षी ऐकू येते. खाण्याच्या द्राक्षात मोठा मणी, पातळ साल, कुरकुरीतपणा व टिकाऊपणा पाहतात. वाइनला याच्या विरुद्ध गुण लागतात : लहान मणी, रसाच्या मानाने सालीचे जास्त प्रमाण, भरपूर साखर आणि तिला तोलणारे आम्ल. थॉम्पसनपासून वाइन होऊच शकत नाही असे नाही. परंतु ती सपक होते व बाजारात तिला भाव मिळत नाही. दोन्ही उद्दिष्टांना जोडणारे प्रयत्नही झाले आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एआरआय-५१६ हा संकरित वाण रस, बेदाणा व लाल वाइन यांसाठी उपयुक्त मानला जातो. सडकी द्राक्षे वाइनला चालतात, हा समज मात्र निराधार आहे. विशिष्ट बुरशी येऊ दिलेल्या द्राक्षांची युरोपातील गोड वाइन हा अत्यंत काटेकोर देखरेखीखालील अपवाद होय.

महाराष्ट्रात १९८० च्या दशकात नारायणगाव परिसरात आधुनिक वाइननिर्मितीस चालना मिळाली. २००० मध्ये नाशिकला सुला ही वाइनरी सुरू झाली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. या उत्साहात अनेक शेतकऱ्यांनी वाइनचे वाण लावले. २००८ नंतरच्या जागतिक मंदीत मागणी घटली, खरेदीचे करार डळमळले आणि अनेकांना वाढलेल्या बागा तोडाव्या लागल्या. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसऱ्याकडे नेता येते. वाइनचे द्राक्ष बियांचे, लहान मण्याचे व आंबट-गोड असते. वाइनरीने ते नाकारले तर हातविक्रीलाही चालत नाही. दोन प्रकारांतील हा भेद ज्याला माहीत नव्हता, त्याला तो तोट्यातून शिकावा लागला. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा शेतकरीहिताचे कारण पुढे करण्यात आले. तीव्र विरोधामुळे तो अमलात आला नाही. त्या वादात द्राक्ष उत्पादक म्हणजे वाइनच्या द्राक्षाचा उत्पादक असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले गेले. राज्यातील बहुसंख्य द्राक्षबागा खाण्याच्या द्राक्षांच्या आहेत, हे साधे तथ्य त्यात झाकले गेले.

७. जालना परिसराचा संदर्भ

कडवंची येथे १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमांतर्गत, खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने काम झाले. आधी पाणी अडवले गेले, मग शेततळी झाली आणि त्यानंतर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. कडवंचीची द्राक्षे खाण्याची आहेत. तिच्या यशावरून जालन्यात वाइन उद्योग सहज उभा राहील, असे अनुमान काढणे सयुक्तिक नाही. रात्रीचे तापमान जास्त राहिले की मण्यातील आम्ल झपाट्याने घटते. वाइनच्या वाणांना थंड रात्री मानवतात त्या याच कारणाने.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. बहुवार्षिक पीक निवडताना झालेली चूक एका हंगामात दुरुस्त होत नाही, हा धडा घनसावंगीच्या शेतकऱ्याने प्रत्यक्ष अनुभवला आहे. द्राक्षाचा विचार करताना तोच धडा मार्गदर्शक ठरावा.

निष्कर्ष

१. द्राक्षमद्य व द्राक्षाची लागवड या दोन्ही गोष्टी भारतीय उपखंडाला युरोपीय संपर्कापूर्वीपासून परिचित होत्या. मराठवाड्यात द्राक्षाचा उल्लेख किमान चौदाव्या शतकापासून मिळतो.
२. वाणाचे नाव त्याचा जन्म सांगत नाही. बहुधा ते त्या वाणाला हाती घेऊन पुढे नेणाऱ्या माणसाचे किंवा गावाचे असते. थॉम्पसन, शिराझ व बंगळूर ब्ल्यू ही त्याची ठळक उदाहरणे होत.
३. 'देशी' व 'परदेशी' ही विभागणी द्राक्षाला लागू पडत नाही. पश्चिम आशियाचे फळ, अमेरिकेची मुळे आणि तासगाव-नान्नजच्या शेतकऱ्यांची पारख यांतून आजचा घड सिद्ध झाला आहे.
४. खाण्याचे द्राक्ष व वाइनचे द्राक्ष यांतील भेद धोरणकर्ते, प्रसारमाध्यमे व शिक्षणसंस्था यांनी स्पष्टपणे मांडला पाहिजे. या भेदाविषयीच्या अज्ञानाची किंमत शेवटी शेतकऱ्यालाच मोजावी लागते.
५. शेतकऱ्यांनी निवडलेल्या वाणांचा इतिहास प्रामुख्याने मौखिक आहे. ग्रामीण महाविद्यालयांच्या इतिहास, वनस्पतिशास्त्र व कृषी विभागांनी एकत्रितपणे त्याचे संकलन हाती घेतल्यास गोदाखोऱ्याच्या कृषी इतिहासातील एक मोठी उणीव भरून निघेल. ज्यांनी पहिल्या काड्या लावल्या ती पिढी हयात आहे तोवरच हे काम होऊ शकते.